मूल कुत्रं मागतं तेव्हा

हा विषय बहुतेक घरांत कधी ना कधी निघतोच. कधी वाढदिवसाच्या तोंडावर, कधी मित्राच्या घरी जाऊन आल्यावर, कधी नुसतंच जेवताना. ‘आई, आपण एक पिल्लू आणूया ना.’ आपण म्हणतो, ‘बघू.’ नाहीतर ‘दहावी झाल्यावर.’ नाहीतर ‘आधी स्वतःचं दप्तर आवरायला शीक.’ मग मूल आठवडाभर खरोखरच दप्तर आवरतं, चपला जागेवर ठेवतं, कुरकुर न करता भाजी खातं आणि मधूनमधून आपल्या तोंडाकडे बघतं. आपल्याला ते कळत असतं. कळूनही आपण काही बोलत नाही.

मुलाला ‘नको’ म्हणणारे आईबाप काही निष्ठुर नसतात. आपण दमलेले असतो. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली शिफ्ट, शाळेची व्हॅन, दोन क्लास, सासऱ्यांची शुगर, सकाळी घंटागाडी यायच्या आत बाहेर ठेवायचा कचरा. या सगळ्यात आणखी एक जीव कुठे बसवायचा? प्रश्न खरा आहे आणि तो मनातल्या मनात दडपून ठेवू नये असं मला वाटतं.

आमच्या घरी एक गावठी कुत्री आहे, चिंगी. नाशिकच्या कुत्रेवाल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही मी बरीच वर्षं आहे. त्यामुळे मुलांनी हट्ट धरला की ओळखीतले आईबाबा मला फोन करतात. त्यांच्याशी जे बोलते तेच आज तुमच्याशी बोलते.

मी आधी मुलाचं वय विचारते. समजा, दहा. कुत्रं नीट सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं जगतं. म्हणजे आपलं मूल बारावीला जाईल तेव्हा ते ऐन भरात असेल. मूल पुण्याला कॉलेजला जाईल, तिथून नोकरीला आणखी कुठे. कुत्र्याला जिना चढताना त्रास व्हायला लागेल तेव्हा ते असेल आपल्याजवळ, आणि आपलेही गुडघे तोवर बोलायला लागलेले असतील. म्हणून मी सांगते, मुलासाठी म्हणून कुत्रं आणू नका. घरातल्या मोठ्या माणसांना मनापासून हवं असेल तरच आणा. आपल्याला नको असताना हट्टापायी आणलेलं कुत्रं पहिल्या बदलीला किंवा पहिल्या बाळंतपणाला घराबाहेर पडतं. ‘बदली झाली, लॅब्रॅडॉर द्यायचा आहे, स्वभावाने खूप चांगला’ असे मेसेज ग्रुपवर सारखे येत असतात. ते वाचताना मला त्या घरातल्या मुलाचाच विचार येतो.

‘सगळं तूच करणार असशील तर आणू’ ही अट आपण सगळेच घालतो. मूल लगेच हो म्हणतं आणि ते खोटं बोलत नसतं. फक्त पावसाळ्यातली सकाळची साडेपाचची वेळ काय असते हे त्याला माहीत नसतं. महिन्या-दोन महिन्यांत त्याचा उत्साह ओसरतो, मग आपलं ‘तेव्हाच म्हटलं होतं ना!’ सुरू होतं. ज्या कुत्र्यावर त्याचा एवढा जीव, त्याच्यावरूनच त्याला रोज बोलणी बसतात. मूल वरून काही दाखवत नाही, पण त्याला आत लागतं. त्यापेक्षा झेपेल एवढंच काम त्याच्याकडे द्यावं. पाण्याचं भांडं रोज धुऊन भरायचं, संध्याकाळी केसांवरून ब्रश फिरवायचा. सकाळचा फेरा मोठ्यांचा. दहा वर्षांच्या मुलाने अनोळखी कुत्री आडवी येतील अशा रस्त्यावर एकट्याने पट्टा धरून जाऊ नये, हे तर आहेच.

घरात एकदाचं ‘हो’ झालं की पुढचा प्रश्न, कुठलं आणायचं? इथे मला थोडं मोकळं बोलायचंय.

पावसाळा सरला की आपल्या कॉलन्यांमधल्या रिकाम्या प्लॉटवर, बांधकामाच्या वाळूत, टपरीच्या मागे पिल्लं दिसायला लागतात. निफाडकडचा गारठा शहरात उतरतो त्याच दिवसांत. मुलं त्यांना पोळी नेतात, नावं ठेवतात, कुणाच्या तरी घरून गोणपाट आणून अंथरतात. चार-सहा आठवड्यांत त्यातली दोन दिसेनाशी होतात, एखादं गाडीखाली येतं. मुलांना हे सगळं माहीत असतं, आपल्याला माहीत नसतं तेवढं. आणि त्याच दिवसांत आपण सोफ्यावर बसून मोबाईलवर त्यांना पिल्लांचे फोटो दाखवत असतो. हे घ्यायचं का ते? याचे एवढे हजार, त्याचे तेवढे. मूल विचारतं, ‘मग त्या गेटजवळच्याला का नाही आणायचं?’

आपण म्हणतो, ‘अरे, ती रस्त्यावरची असतात.’ ‘त्यांना रोग असतात.’ मूल ऐकून घेतं, वाद घालत नाही. पण काही जीव घरात आणण्यासारखे असतात आणि काही नसतात, हे त्या दिवशी ते आपल्याकडून शिकतं. लहान मुलाला लॅब आणि गावठी हा भेद मुळात दिसत नाही. त्याला दिसतात ओलं नाक आणि हलणारी शेपटी. भेद आपण दाखवतो.

जातिवंत कुत्र्याची हौस असणं यात वाईट काही नाही. ती हौस बरेचदा आपल्या नकळत मनात शिरते. २००३ साली हच या मोबाईल कंपनीची जाहिरात आली. लहान मुलगा पुढे, त्याच्या पाठोपाठ पग. त्यानंतर पग घरोघरी दिसायला लागले. त्या चपट्या नाकाला आपल्याकडच्या उन्हात श्वास पुरत नाही, जरा धावलं की धाप लागते, हे जाहिरातीत कुठून दिसणार? आता हस्कीची हौस आहे. बर्फात गाड्या ओढणाऱ्या जातीचं कुत्रं, अंगावर दुहेरी केस. आपलं नाशिक थंड म्हणतात, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा त्या जिवाचं काय होत असेल? विकत घ्यायचंच ठरलं असेल तर एवढं तरी विचारा: विकणाऱ्याकडे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आहे का? पिल्लाला आठ आठवडे पूर्ण झालेत का? त्याआधी पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे. आणि पिल्लाची आई बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून निघा.

गावठी कुत्र्याचं अंग आपल्या हवेला सरावलेलं असतं. आखूड केस, अंगाने सडपातळ, कान सदा टवकारलेले. मुलांना सांगायला एक छान गोष्ट आहे. मुंबईत टाटांचं मुख्य कार्यालय आहे ना, बॉम्बे हाउस, तिथे भटक्या कुत्र्यांना पूर्वीपासून मुभा होती. २०१८ साली इमारतीची दुरुस्ती झाली तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी खोलीच केली. रतन टाटांचा लाडका ‘गोवा’ हे गोव्यात सापडलेलं रस्त्यावरचं पिल्लू, म्हणून त्याचं नाव गोवा. ऑक्टोबर २०२४मध्ये टाटा गेले तेव्हा त्यालाही अंत्यदर्शनाला आणलं होतं. देशातलं हवं ते कुत्रं ज्यांना घेता आलं असतं, त्यांच्या पायाशी गावठी बसलेलं असे.

आता रोगांचं. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाला जंत असतात, गोचिडी असतात, आणि पार्वो हा विषाणूचा आजार झाला तर ते दोन-तीन दिवसांतही जाऊ शकतं. मुलाने नाव ठेवल्यानंतर पिल्लू गेलं तर घर बसून जातं. म्हणून पिल्लू आणलं की आधी डॉक्टर, मग बाकीचे लाड. जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपरच्या लसीचे डोस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी. डोस पुरे होईपर्यंत त्याला बाहेरच्या कुत्र्यांत न्यायचं नाही. महापालिकेकडे नोंद करून परवाना काढायचा. सहा महिन्यांच्या आसपास नसबंदी. हे सगळं लॅबलाही तितकंच लागतं.

रेबीजबद्दल मात्र कुत्रं पाळा, न पाळा, एक गोष्ट मला तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगायची आहे. मुलं कुत्र्याचा चावा लपवतात. आई रागावेल, सायकल काढून घेतील, पोटात चौदा इंजेक्शनं टोचतील या भीतीने लपवतात. ती चौदा इंजेक्शनांची भीती आपल्याच पिढीने त्यांच्या मनात घातलेली. आता इंजेक्शनं दंडावर मिळतात. पहिलं घेतल्यापासून ३, ७ आणि २८व्या दिवशी पुढची, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. चावा असो की नुसता दाताचा ओरखडा, आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचा, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि तडक दवाखाना. एकदा रेबीजची लक्षणं दिसली की हातात काही उरत नाही. म्हणून मुलाला आजच सांगून ठेवा, ‘कुत्रं चावलं, ओरबाडलं तर मला लगेच सांग, मी अजिबात रागावणार नाही.’ आणि त्याने सांगितलंच, तर खरंच रागावू नका. ‘कशाला गेला होतास तिकडे?’ हे वाक्य आपल्या तोंडातून सहज निघतं. ते गिळा.

भटक्या कुत्र्यांची ज्यांना धास्ती वाटते त्यांच्याशी माझं भांडण नाही. रात्री दुचाकीमागे लागणारी कुत्री, शाळेच्या रस्त्यावरचं टोळकं, हे आपण सगळेच अनुभवतो. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून कोंडायचा आदेश ११ तारखेला दिला आणि २२ तारखेला तो बदलला, तेव्हा घराघरांत यावरून वाद झाले. सुधारलेल्या आदेशात नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्यांच्याच भागात परत सोडायची असं ठरलं. पिसाळलेली आणि अंगावर येणारी मात्र सोडायची नाहीत. त्यातच दत्तक घेण्याचाही उल्लेख आहे. ज्याने कुत्रं दत्तक घेतलं, ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. मला ते वाचून बरं वाटलं. दत्तकाने रस्ते रिकामे होतील असं कुणी म्हणत नाही, त्यासाठी नसबंदीच नेटाने व्हायला हवी. पण दोन महिन्यांचं एक पिल्लू घरात आलं की रस्त्यावर वाढणारं एक कुत्रं कमी होतं, आणि ती मादी असेल तर पुढची कितीतरी.

मादीवरून आठवलं. ग्रुपवर पाच पिल्लांचा फोटो पडतो. ‘दोन नर, तीन माद्या, सगळी सुदृढ.’ नर दोन दिवसांत जातात, माद्या राहतात. फोन येतात ते असे: ‘मेल आहे का? फिमेल नको, कटकट असते.’ एकदा अशाच एका फोनवर मी बोलत होते आणि माझी लेक शेजारी गणितं सोडवत बसली होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, ‘मुलगी आहे म्हणून नको म्हणाले का?’ मी तिला नसबंदीबद्दल सांगितलं, वर्षातून दोनदा येणाऱ्या पाळीबद्दल सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘पण ऑपरेशन केल्यावर ती कटकट नसतेच ना?’ नसते. मादीची नसबंदी झाली की पाळी नाही, पिल्लं नाहीत, आणि म्हातारपणी गर्भाशयात पू होण्याचा जो जिवावरचा आजार असतो तोही टळतो. आपल्या घरांत मुली हे सगळं ऐकत असतात. फोनवर बोलताना आपल्या ध्यानात येत नाही एवढंच.

चिंगीच्या कानाला एक बारीक खाच आहे, तिकोनी. महापालिकेच्या किंवा संस्थेच्या नसबंदी मोहिमेत भूल दिलेली असतानाच ती खूण करतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडून नेलं जात नाही. सुरुवातीला लेकीला वाटलं, कुणीतरी कापलाय कान, म्हणून ती हळहळली होती. खरं कळल्यापासून ती रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याचे कान बघते. ‘याचं झालंय. हिचं राहिलंय, आई.’ तुमच्याही मुलांना ही खूण ओळखायला शिकवा. कॉलनीत जिचं राहिलंय तिच्याबद्दल महापालिकेला कळवता येतं आणि ते मुलांना सोबत घेऊन करता येतं.

या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांबद्दलही थोडं सांगते, कारण पहिल्यांदा कुत्रं आणणाऱ्याला त्यांचा फार आधार असतो. रात्री अकराला कुत्रं ओकतंय आणि कुठला दवाखाना उघडा आहे ते माहीत नाही, अशा वेळी ग्रुपवर कुणीतरी जागं असतं. गावाला जाताना कुत्रं कुठे ठेवायचं, कुठला पट्टा मानेला काचत नाही, सोसायटीच्या अध्यक्षांनी लिफ्ट बंद केली तर काय करायचं, सगळ्याला उत्तरं मिळतात. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं की भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण वाद घालत बसण्यापेक्षा शेजारच्या आजोबांना घाबरायला होतं का हे आधी विचारलेलं बरं. आणि खिशात कायम एक पिशवी ठेवलेली त्याहून बरी.

मात्र मुलाच्या हातात असा ग्रुप देऊ नका. जखमी कुत्र्यांचे फोटो येतात, जळलेल्या, चिरडलेल्या. मोठ्या माणसाला झोप लागत नाही, मुलांचं काय. शिवाय ‘आज संध्याकाळपर्यंत घर मिळालं नाही तर’ असे मेसेज येतात. टाकणाऱ्याची तळमळ खरी असते, पण त्या दडपणाखाली हो म्हणू नका. दोन-तीन महिने नुसतं वाचत राहा. कुत्रं पाळणारे लोक कशाला वैतागतात ते वाचा, ते जास्त उपयोगी. आणि कुणी ‘जातिवंत पिल्लू फुकट, फक्त गाडीचं भाडं आधी पाठवा’ म्हणालं तर समजून जा.

नाशिकमध्ये ‘शरण फॉर अ‍ॅनिमल्स’सारख्या संस्था आहेत, सुट्टे कार्यकर्तेही पुष्कळ. दत्तक घ्यायला गेलं की फॉर्म भरून घेतात, घर बघायला येतात, बाल्कनीला जाळी आहे का विचारतात, घरात सगळ्यांची संमती आहे का विचारतात, नसबंदीचं लेखी घेतात, नंतर फोटो मागतात. काही आईबाबांना राग येतो. कुत्रंच तर द्यायचंय, एवढ्या चौकशा कशाला? पण त्यांनी दिलेली पिल्लं महिन्याभरात परत आलेली असतात, गच्चीवर बांधून ठेवलेली त्यांनी सोडवून आणलेली असतात. मुलाला त्या वेळी शेजारी बसवा. एखाद्या जिवासाठी कुणी इतके प्रश्न विचारतं हे त्याने पाहिलेलं चांगलं.

पिल्लूच हवं असा हट्ट नसेल तर दोन-तीन वर्षांचं मोठं कुत्रं घ्या, असं मी दमलेल्या आईबाबांना मुद्दाम सांगते. त्याचा स्वभाव कळलेला असतो. लहान मुलांशी कसं वागतं ते बघता येतं. पिल्लासारखं ते चप्पल, चार्जर आणि सोफ्याचा कोपरा खात नाही, बाहेर शी-शू करायला लवकर शिकतं.

चिंगी आली तेव्हा अशीच मोठी होती. आली आणि सरळ दिवाणाखाली जाऊन बसली. दुपार गेली, संध्याकाळ गेली, ती बाहेर येईना. वाटीतला दही-भात आम्ही झोपल्यावर खायची, सकाळी वाटी रिकामी. लेकीचा चेहरा एवढा झाला होता. तिने मनात काय काय रंगवलं होतं, कुत्रं धावत येईल, चेहरा चाटेल. ‘तिला मी आवडत नाही,’ म्हणाली. तेव्हा ग्रुपवरच्या एका काकूंनी सांगितलं, तीन दिवस बिचकण्याचे, तीन आठवडे घर समजण्याचे, तीन महिने आपलं वाटायचे. हात लावू नका, डोळ्यांत बघू नका, फक्त आसपास राहा. मग लेक दिवाणापासून हातभर अंतरावर पालथी पडून गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायला लागली, रोज शाळेतून आल्यावर. चिंगी पंजांवर हनुवटी टेकून नुसतं बघायची. मग एकदा वाचता वाचता लेकीच्या कोपराला काहीतरी गार लागलं. तिने पान उलटलं नाही, मान वळवली नाही, श्वासही सोडला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. कुणाला वेळ द्यायचा असतो, हे तिला तोंडाने सांगून कळलं नसतं.

मुलांना काही नियम पहिल्याच दिवशी सांगावे लागतात आणि ते मोठ्यांनीही पाळावे लागतात. खाताना आणि झोपलेलं असताना हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही, कुत्र्यांना ती आवडतेच असं नाही. तोंड फिरवलं, ओठ चाटले, उगाच जांभया दिल्या तर त्याला पुरे झालंय. पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रं यांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही, कितीही गरीब कुत्रं असलं तरी. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारायचं नाही. ते चावायच्या आधी सांगतंय, सांगू दे.

आणि खाण्याचं. आपल्या नाशिकच्या घरांत दोन गोष्टी कायम पसरलेल्या असतात, नेमक्या त्याच कुत्र्याला विष. कांदा आणि द्राक्षं. लासलगावचा कांदा गोणीने भरलेला, आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या पेट्या या नाही तर त्या पाहुण्याकडून येतच असतात. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, अगदी थोड्यांनीही. कांदा कच्चा असो की भाजीतला, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे उरलेली रस्साभाजी, मिसळीचा रस्सा, कांदेपोहे, काही नाही. मुलं प्रेमाने आपल्या ताटातलं देतात, म्हणून त्यांना कारणासकट सांगा. नुसती दूध-पोळीही पुरत नाही. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही, पोळीने पोट भरतं पण अंग भरत नाही. अंडं, चिकन, दही, थोडा भात. घरात अंडंही चालत नसेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आणायचं कधी? दिवाळीच्या तोंडावर नको. नवीन घर, नवीन माणसं आणि त्यात सुतळी बॉम्ब. घाबरून पळालेली कुत्री शोधत फिरणारे लोक दर दिवाळीत दिसतात. वाढदिवसाचं बक्षीस म्हणूनही नको. परीक्षा संपलेल्या असाव्यात, घरात कुणीतरी आठ-दहा दिवस निवांत असावं.

राहता राहिली आजी. आपण काय करतो, सगळं ठरवून टाकतो आणि आजीला शेवटी सांगतो, किंवा सरप्राइज म्हणून थेट कुत्रंच पुढे करतो. दिवसभर घरात तीच असणार असते. तिचं देवघर असतं, सोवळंओवळं असतं, आणि ती बोलून दाखवत नाही अशी एक भीती असते, पायात आलं आणि पडले तर? या वयात हाड मोडलं तर? तिला आधी विचारा. स्वयंपाकघराला आणि देवघराला छोटं फाटक बसवता येतं, नखं कापून ठेवता येतात, तिच्या खुर्चीपाशी कुत्र्याची गादी न ठेवण्याचं ठरवता येतं. कुत्र्याने यायचं कुठे नि कुठे नाही हे तिलाच ठरवू द्या.

मुलांनाही तिच्याजवळ बसवा. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री तिने आयुष्यभर हात जोडून पाहिलेली आहेत. कुत्र्याने पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेल्या नामदेवांची गोष्ट मुलाला तिनेच सांगितलेली असते. तिचं मन वळवायला म्हणून नव्हे, पण तिच्या लहानपणी वाड्यात, मळ्यात कुठलं कुत्रं होतं ते विचारा. बहुतेक आज्यांकडे एखादा मोती किंवा वाघ्या असतोच, आणि त्याचं काय झालं हेही त्यांना आठवत असतं.

आणि ती नाहीच म्हणाली, किंवा हिशोब मांडल्यावर आपलं आपल्यालाच जमणार नाही असं दिसलं, तर मुलाला तसं स्पष्ट सांगा. ‘बघू’ म्हणून लटकत ठेवू नका. खरं कारण सांगितलेलं मुलांना झेपतं. रडेल एक दिवस. मग रविवारी आधी फोन करून त्याला एखाद्या शेल्टरला घेऊन जा. तिथे पिल्लांपेक्षा मोठी कुत्री जास्त असतात आणि त्यांच्याजवळ नुसतं बसायला, अंगावर ब्रश फिरवायला, फेरी मारून आणायला माणसं कायम कमी पडतात.